हरळीची तितिक्षा

गणपतीपुढे ठेवलेली एकवीस दूर्वांची जुडी आणि नांगरटीनंतर शेतातून वेचून बांधावर फेकलेल्या हरळीच्या काशा ही एकच वनस्पती आहे. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. देवघरात पूज्य, शेतात वैरी. तिचा तिसरा पत्ता मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जगाच्या उष्ण पट्ट्यात क्रिकेटच्या आउटफिल्डवर, फुटबॉलच्या मैदानांवर आणि गोल्फ कोर्सवर जे गवत सर्रास लावले जाते ते हेच, नाहीतर हिच्याच संकरातून निघालेले. पायदळी तुडवले जाऊनही टिकणारे गवत वाढवणे आणि राखणे हे आज रीतसर शास्त्र आहे. जेम्स बिअर्ड यांचे १९७३ सालचे ‘टर्फग्रास : सायन्स अँड कल्चर’ हे त्यातले पायाभूत पाठ्यपुस्तक मानतात. या शास्त्राचा विषय एका शब्दात सांगायचा तर सहनशीलता. आपल्याकडे सहनशीलता हा शेकडो वर्षे धर्मविचाराचा विषय राहिला आहे आणि गंमत म्हणजे तिथेही गवताचाच दाखला दिला जातो. उदाहरण एकच असेल तर दोन्हीकडचे म्हणणे एकमेकांशी ताडून पाहायला हरकत नसावी. प्रश्न असा, की सोसणे हा आपल्या बळावर उभा राहणारा सद्गुण आहे, की काही अटी पूर्ण झाल्या तरच त्याला सद्गुण म्हणावे? आणि अशा अटी असतील, तर त्या पाळायच्या कुणी?

हा प्रश्न करंजाड्यात उभा राहून विचारण्याला कारण आहे. पनवेलला खेटून असलेल्या सिडकोच्या या नोडमध्ये, वडघर-करंजाडे पट्ट्यात, नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या कुटुंबांना पुनर्वसनाचे भूखंड दिले गेले. विमानतळाला सुमारे ११६० हेक्टर जागा लागली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशी दहा गावे त्यात गेली, उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली आणि उलवे नदीला दुसरी वाट काढून दिली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी १९७० पासून, म्हणजे सिडको स्थापन झाल्यापासून, या पट्ट्यातल्या ९५ गावांची भातशेती, खाजणे आणि मिठागरे नव्या शहरासाठी घेतली गेली होती. ज्यांच्या पायाखालची जमीन अशी दोनदोनदा काढून घेतली जाते, त्यांना भोवतालचा समाज बहुधा एकच उपदेश करतो: थोडे सोसा, वाकून घ्या, पुढे बरे दिवस येतील. या उपदेशामागे मोठी परंपरा उभी आहे. म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. त्याची पारख करावी लागते.

परंपरेचा युक्तिवाद भक्कम आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख हे इंद्रियांच्या विषयांशी होणाऱ्या संबंधातून येतात, येतात तसे जातात, ते तू सहन कर. परंपरेने आदि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आणखी कडक होते. सगळी दुःखे सोसायची, त्यांवर उपाय करायला धावायचे नाही, आणि मनात चिंता किंवा विलाप उठू द्यायचा नाही. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान या सहा साधनांच्या संचात तिला जागा आहे. बंगालात चैतन्य महाप्रभूंच्या शिक्षाष्टकाने भक्ताला गवतापेक्षा नम्र आणि वृक्षापेक्षा सहनशील व्हायला सांगितले. आणि मराठी माणसाला तर पुराचा तो तुकोबांचा दृष्टान्त शाळेपासून पाठ असतो, ज्यात ताठ झाडे उन्मळतात आणि नमते घेणारे लव्हाळे जागच्या जागी राहते. या सगळ्यातून आपल्या मनात एक चित्र पक्के झाले आहे: गवत वाकते, म्हणून टिकते. नम्रता हे कारण आणि चिरंजीवित्व हे त्याचे फळ.

मैदान राखणाऱ्याच्या दृष्टीने हे चित्र अर्धेच खरे आहे. पुरापुरते वाकणे कामाला येते. पण गवताला रोज सामोरे जावे लागते ते तोंडाला, पात्याला आणि बुटाला. तिथे वाकून काहीच साधत नाही. गाय वाकलेले गवतही खाते. गवत टिकते त्याचे कारण त्याच्या बांध्यात आहे. आंब्याच्या रोपट्याचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. शेळीने शेंडा खाल्ला की त्याला नव्याने बगलेतून फुटवे काढत बसावे लागते. गवताने आपला वाढीचा बिंदू जमिनीलगत, बुंध्याच्या गड्ड्यात ठेवलेला असतो आणि पात्याची वाढही टोकाकडून होत नाही, तळाकडून होते. त्यामुळे वरचे कापले की खालून ते पुन्हा वर ढकलले जाते. हरळीकडे याहून जास्त शिल्लक असते. जमिनीवरून सरपटणारे धावते खोड आणि जमिनीखालचे आडवे खोड, दोन्हींच्या पेरापेरांत साठवलेला पिष्टांश, आणि प्रत्येक पेराला मूळ धरण्याची व कोंब काढण्याची क्षमता. कुळवाच्या पासेने तिचे दहा तुकडे झाले तर दहा हरळ्या होतात, म्हणून शेतकरी काशा वेचून उन्हात वाळत टाकतो. वरून हरळी जितकी दीन दिसते तितकी ती खालून नसते. जे तोडले गेले तर संपणार, ते तिने तोडणाऱ्याच्या आवाक्याबाहेर ठेवलेले असते.

हे कौशल्य फार जुने आहे आणि त्याचा एक पुरावा आपल्याच मातीतला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथे सापडलेल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले, आणि गवताचा इतिहास डायनोसॉरांच्या अखेरच्या काळापर्यंत मागे गेला. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळ गवत कुणाच्या ना कुणाच्या दाढेखाली आहे. त्याने त्या दाढांपुढे मान तुकवली, हे वर्णन काव्य म्हणून चालेल. त्याने आपला जीव दाढेला लागणार नाही अशा जागी हलवला, हे त्याहून नेमके. आणि इथे परंपरेवरही अन्याय करायला नको. यजुर्वेदाच्या अग्निचयनात वेदीवर दूर्वेची जागा आहे, दूर्वा ही तिथे वेदीची एक इष्टका, म्हणजे वीट, मानली जाते, आणि तिच्यासाठी असलेल्या मंत्रात तिचे कौतुक होते ते पेरापेरातून उगवत जाण्याबद्दल. वाकण्याबद्दल तिथे काही नाही. ज्याने तो मंत्र रचला त्याने हरळी गुडघे टेकून पाहिली असावी. नम्रतेचे पदक तिच्या गळ्यात नंतरच्यांनी अडकवले.

आता जीव खाली जपलेला असला म्हणजे वाटेल तितके सोसता येते का? टर्फच्या शास्त्राने या ठिकाणी एक भेद केला आहे आणि मला तो नीतिविचाराला अतिशय उपयोगी वाटतो. झीज सोसणे आणि झिजल्यावर सावरणे हे दोन वेगळे गुण आहेत. पहिला गुण पेशींच्या भित्ती किती जाड आणि तंतुमय आहेत यावर अवलंबून असतो. दुसरा वाढीचा वेग, साठा आणि मिळणारी उसंत यांवर. पनवेल, कामोठे, करंजाडे भागातली मुले संध्याकाळी तासाच्या भाड्याने ज्या ‘टर्फवर’ बॉक्स क्रिकेट खेळतात ते प्लास्टिकचे असते. त्याच्याकडे पहिला गुण भरपूर आहे आणि दुसरा शून्य. ते सोसते, पण सावरत नाही. जेवढे झिजले तेवढे कायमचे झिजले. हरळीचे मोठेपण मुख्यतः दुसऱ्या गुणात आहे, आणि त्या गुणाला वेळ लागतो. २०२२ चे आयपीएल करोनाच्या सावटामुळे मुंबई-पुण्याच्या चार मैदानांवर उरकले गेले. सत्तर साखळी सामन्यांपैकी वीस नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, तेही सुमारे दोन महिन्यांत. त्याच वर्षी आधी एएफसी महिला आशियाई फुटबॉल स्पर्धेचे सामने आणि नंतर ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम, नोव्हेंबरात भारतीय महिलांनी जिंकलेला विश्वचषकाचा अंतिम सामना. अशा मैदानावर ग्राउंड्समनची खरी लढाई वेळापत्रकाशी असते. दोन खेळांमध्ये गवताला किती दिवस मिळाले, हे कुठल्याही खताहून महत्त्वाचे ठरते.

गर्दीच्या मैदानावर सगळ्यांत घातक इजा पात्याला होत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. फाटलेले पाते दिसते. माती दबते ती दिसत नाही. हजारो पावलांनी, त्यातही ओल्या मातीवर, कणांमधल्या पोकळ्या चिरडल्या जातात. हवा आणि पाणी खाली जाईनासे होते. मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती वरच्या दोन बोटांतच घुटमळतात. वरून गवत काही आठवडे हिरवेच दिसत राहते. मग एखादा कडक आठवडा येतो आणि ठिकठिकाणी टक्कल पडते, तेव्हा लोक म्हणतात ऊन फार होते. अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या किनारपट्टीवर तर हा धोका दरवर्षीचा. उपाय एकच: पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीला भोके पाडून तिला पुन्हा श्वास घेता येईल असे करायचे, वाळू भरायची, आणि तोवर पावले दूर ठेवायची. दबलेल्या मातीला आणखी सोसायला सांगून ती मोकळी होत नाही.

गीतेचा तो श्लोक या उजेडात पुन्हा वाचला की त्यातली एक अट ठळक दिसते. श्रीकृष्ण ज्या दुःखांबद्दल बोलतात ती येणारी आणि जाणारी आहेत. त्यांच्या अनित्यतेवरच सोसण्याचा सल्ला उभा आहे. थंडीनंतर ऊन येते, मध्ये सावरायला जागा असते. जे दडपण येते पण जात नाही, जे मातीसारखे आतून दाबत राहते, त्याला हा श्लोक लावणे म्हणजे श्लोकाचे कारण गाळून नुसती आज्ञा उचलणे. आपल्याकडे सुनेला, सालगड्याला, सफाई कामगाराला आणि प्रकल्पग्रस्ताला हा श्लोक असाच ऐकवला गेला आहे.

सोसण्याला मर्यादा असते, हे कुणीही मान्य करील. पण ती मर्यादा कशी असते याबद्दलची आपली कल्पना चुकीची असते. आपण धरून चालतो की दुप्पट घाव म्हणजे दुप्पट इजा. अमेरिकी कृषी खात्याच्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी वेगळेच दाखवले. गवताच्या पाल्याचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग एकदा कापला तर मुळांची वाढ थांबत नव्हती. पन्नास टक्क्यांवर थोडीशी मुळे थबकली. ऐंशी टक्के कापल्यावर एकूण एक मूळ थांबले, तेही बारा दिवस. नव्वद टक्क्यांना सतरा दिवस. चाळीसपासून ऐंशीपर्यंतचे अंतर वर दुपटीचे दिसते, खाली ते सर्व आणि शून्य यांतले आहे. लॉन राखणाऱ्यांचा एक नियम आहे, की एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. त्या नियमाला अशा प्रयोगांचा आधार आहे. पण नियम कुणाला उद्देशून आहे ते पाहा. गवताला त्यात काही सांगितलेले नाही. तो यंत्र ढकलणाऱ्यासाठी आहे. टर्फच्या शास्त्रातले जवळपास सगळे विधिनिषेध असेच आहेत: किती कापावे, केव्हा तुडवू नये, कधी विश्रांती द्यावी. सहनशीलतेचे एवढे मोठे शास्त्र उभे राहिले आणि त्यात सहन करणाऱ्याला एकही आज्ञा नाही. धर्मोपदेशात नेमके उलटे झाले. आज्ञा सगळ्या सोसणाऱ्याला, आणि कापणाऱ्याला फार तर दयेची शिफारस.

इथे या भूमीचा इतिहास पुरावा म्हणून पुढे येतो. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या संघर्षाच्या पाठोपाठ १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळबाधितांच्या वाट्याला पुढे साडेबावीस टक्के आले. या टक्केवारीवर बरे-वाईट बरेच बोलता येईल. आगरी-कोळी कुटुंबांच्या हाती आलेल्या भूखंडांचे पुढे काय झाले, किती टिकले आणि किती इमारतींखाली गेले, हा वेगळा आणि कडू विषय आहे. इथे मुद्दा एवढाच, की जो काही वाढीचा बिंदू या गावांकडे उरला तो तितिक्षेच्या त्या कडक व्याख्येतून, म्हणजे प्रतिकार न करता सोसण्यातून उरला नाही. तो मागून, अडवून, प्रसंगी जीव देऊन मिळवावा लागला. हरळीचा गड्डा निसर्गाने जमिनीखाली ठेवला. माणसांना तो कायद्यात आणि करारात ठेवावा लागतो, नाहीतर पाते तिथपर्यंत पोहोचते.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी घेईल. निसर्गात काय आहे यावरून माणसाने काय करावे हे काढता येत नाही. गवताला इच्छा नाही, विवेक नाही, मग त्याच्यापासून नीती कसली शिकता? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच तो आधी परंपरेला लागू होतो. गवताला नम्रतेचा गुरू केले ते माळ्याने नव्हे, उपदेशकाने. ज्याने दृष्टान्त द्यायचा त्याने दृष्टान्तातली वस्तू नीट पाहिलेली असावी, एवढीच इथे मागणी आहे. गवतावरून नीती सिद्ध होत नाही हे खरे, पण गवताच्या चुकीच्या वर्णनावर उभी केलेली नीती मात्र गवत नीट पाहिल्यावर डळमळते. दृष्टान्त काढून घ्या, मग सोसण्याच्या आज्ञेला दुसरे कारण शोधावे लागेल. ते सापडेलही. पण ते सांगावे लागेल, ‘गवताकडे पाहा’ म्हणून भागणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो टर्फच्या शास्त्राचाच आधार घेतो. रोज थोडेथोडे पाणी दिलेल्या लॉनची मुळे वरच्या थरातच राहतात, आणि भरपूर पाणी देऊन मग माती सुकू दिली तर मुळे ओलाव्यामागे खोल जातात, हे कुठलाही जाणता माळी सांगेल. मग लाडाने गवत दुबळे होते आणि कष्टाने कणखर, असाच याचा अर्थ नाही का? घाव घालणाराच खरा हितकर्ता, ही आपल्या गुरुपरंपरेतली आवडती कल्पना याला जुळते. पण पद्धत पूर्ण वाचावी. त्यात पाणी तोडलेले नाही. पाणी एका वेळी खोलवर, पोटभर दिले आहे. ताण येतो तो त्या भरलेल्या साठ्याच्या आधारावर, मोजून, आणि पाती निळसर होऊन मिटू लागली की माळी पुन्हा पाणी सोडतो. ज्याने आधी काहीच दिले नाही त्याने ताण देऊन मुळे खोल जात नाहीत, वाळतात. कष्टाने माणूस घडतो असे म्हणणाऱ्याने म्हणून आधी हिशोब दाखवावा: जमिनीत काय साठवले होते? ज्या उपदेशकाने कधी पाणी घातलेले नाही त्याला दुष्काळाचे गोडवे गाण्याचा अधिकार नाही.

तिसरा आक्षेप उदाहरणाच्याच चारित्र्यावर आहे. हिरवळ ही चैन आहे. तिच्यावर धर्मचिंतन करणे म्हणजे तहानलेल्यांच्या गावात कारंज्याचे कौतुक. या आक्षेपाला महाराष्ट्रात तारीख आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्ट्या आणि मैदानांसाठी लागणाऱ्या सुमारे साठ लाख लिटर पाण्याचा आकडा त्या सुनावणीत गाजला होता. न्यायालयाचा निर्णय प्रतीकात्मक होता, उसाच्या हिशोबात ते पाणी चिमूटभर, अशी टीका झाली आणि आकड्यांच्या दृष्टीने ती चूक नव्हती. पण त्या वादात हरळीची बाजू कुणीच मांडली नाही. तिला ते पाणी नको होते. एप्रिलमध्ये पाणी मिळाले नाही तर हरळी पाने वाळवते, रंग सोडते आणि जीव जमिनीखालच्या खोडात ओढून पडून राहते. पहिल्या चांगल्या पावसानंतर काही दिवसांत ती परत येते. एप्रिलमधले हिरवेपण ही प्रेक्षकाची आणि कॅमेऱ्याची मागणी आहे. तग धरण्याचे खरे रूप त्या महिन्यात पिवळट-तपकिरी असते, आणि ते आपल्याला बघवत नाही. सोसणाऱ्याने सोसावे आणि शिवाय टवटवीत दिसावे, चिंता-विलापरहित असावे, ही अपेक्षा माणसांकडूनही केली जाते. विवेकचूडामणीच्या व्याख्येतला तो शेवटचा भाग साधकाने स्वतःसाठी घेतला तर उंच आहे. बघ्याने दुसऱ्यावर लादला तर तो हिरव्या रंगाच्या हट्टासारखा आहे.

यातूनच वेदान्त्याचे उत्तर येते आणि ते मला सर्वांत गंभीर वाटते. तो म्हणेल, तुम्ही तितिक्षेचा विषयच बदलला. ती समाजव्यवस्थेची सूचना नाही. मोक्षाची इच्छा असलेल्या, विवेक आणि वैराग्य ज्याच्यात आले आहे अशा अधिकारी पुरुषाचे ते आंतरिक साधन आहे. भूसंपादनाचा आणि तिचा संबंध काय? हे उत्तर पूर्ण मान्य करावे, आणि मान्य केल्यावर त्याचा परिणामही स्वीकारावा. तितिक्षा अधिकाऱ्याने निवडायची गोष्ट असेल, तर ती दुसऱ्याला सांगण्याची गोष्ट उरत नाही. साधकाने थंडीत उघडे बसायचे ठरवले तर तो तप करतो. दुसऱ्याचे पांघरूण काढून त्याला तप शिकवता येत नाही. आणि साधकाचाही गड्डा कुठेतरी सुरक्षित असतोच. आत्मा शस्त्रांनी तुटत नाही, अग्नीने जळत नाही, हे गीता त्याच अध्यायात, त्या श्लोकानंतर थोड्याच अंतरावर सांगते. म्हणजे श्रीकृष्णांचा युक्तिवादही हरळीच्याच घाटाचा आहे: ज्याला धक्का लागणार नाही असे काही तळाशी आहे, म्हणून वरचे सोस. ज्याचा त्या तळावर विश्वास आहे त्याला हा सल्ला पुरतो. पण ज्याचे शेत, होडी लावायची जागा आणि गावकीचे देऊळ गेले, त्याच्यासमोर ‘आत्मा अमर आहे’ म्हणणारा अधिकारी आत्म्याच्या भाषेत सातबाऱ्याचा प्रश्न सोडवू पाहतो.

एवढे झाल्यावरही हरळीचा दृष्टान्त एका जागी थांबतो, आणि तिथे तो थांबवायलाच हवा. ‘मैदान सावरले’ असे आपण म्हणतो तेव्हा नक्की कोण सावरले? तुडवलेले पाते सावरत नाही. ते मरते. पात्याचे आयुष्य आठवड्यांचे, फुटव्याचे महिन्यांचे. जुन्याच्या जागी नवे येते आणि लांबून पाहणाऱ्याला तीच हिरवळ दिसते. बौद्ध विचाराने दिव्याच्या ज्योतीचा दाखला देऊन हाच प्रश्न विचारला होता: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक की वेगळी? गवतापुरता हा प्रश्न निरुपद्रवी आहे, कारण पात्याला आपण गेलो याचे दुःख नसते. अमेरिकेतल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी काढलेले, १९६० पासून जगभर पसरलेले टिफवे हे संकरित गवत तर वांझ आहे. त्याला बी धरत नाही, एकाच रोपाचे तुकडे लावत लावत ते देशोदेशींच्या मैदानांवर गेले. तिथे ‘कोण’ हा प्रश्नच उरत नाही. माणसांच्या वस्तीत मात्र तो उरतो. गाव उठले, नव्या सेक्टरात वसले, मुले शिकली, नोड भरभराटीला आला; हिशोबनीस म्हणेल समाज सावरला. ज्या पिढीने खाजणाचा बांध घातला आणि ज्या बाईने त्या खाडीत निवट्या आणि खेकडे पकडून घर चालवले, ती या सावरण्यात कुठे आहे? नातवाच्या फ्लॅटने आजीचे नुकसान भरून आले असे म्हणणे म्हणजे माणसाला पाते समजणे.

सावरायला लागणारी उसंत हरळीच्या बाबतीत मोजलेली आहे. कुठल्या मोसमात, किती झीज झाल्यावर, किती दिवस मैदान बंद ठेवायचे याचे आडाखे ग्राउंड्समनकडे असतात, आणि ते मोडले तर दोष त्याच्यावर येतो. गावाच्या बाबतीत असा आडाखा कुणी मांडलेला नाही. १९८४ आणि विमानतळाचे संपादन यांच्यामध्ये तीसेक वर्षे गेली. ती पुरेशी होती, की मुळे नुकती धरत होती तेवढ्यात पाते पुन्हा फिरले? भूखंडाच्या टक्केवारीवर करार होतात. या अंतरावर कधी झालेला नाही, आणि धर्मशास्त्राच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात तो मागायची सोय अजून तरी दिसत नाही.